पंक्चर वाचवणारा देव

मी देव बसवला, हे मी अजून शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. गणित शिकवणाऱ्या बाईनं असले उद्योग करू नयेत, एवढं मलाही कळतं. पण त्या उन्हाळ्यात मला दगड हवे होते, पुष्कळ हवे होते, आणि ते उचलायला माणसं मिळत नव्हती.

सिंदेवाहीपासून जवळच एका गावामागं टेकडी आहे. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला सायकल चालवायला सांगितली आणि मी हौसेनं गिअरची सायकल घेतली. डांबरी रस्त्यावर ट्रकवाले मला माणसात धरत नव्हते, म्हणून मी टेकडीकडं वळले. तिथं गुरांच्या आणि माणसांच्या जुन्या पायवाटा होत्या. आम्ही चार-पाच हौशी लोकांनी त्या साफ करून, जोडून, चार किलोमीटरचा एक गोल रस्ता तयार केला. त्याला आम्ही ऐटीत ट्रेल म्हणायचो. गावातले लोक त्याला 'सायकलवाल्यांची वाट' म्हणायचे, आणि त्या वाटेनंच बकऱ्या, सरपणाच्या मोळ्या आणि मोहफुलांच्या टोपल्या जायच्या. सगळ्यांनी वापरावी अशीच आमची इच्छा होती. निदान आम्ही तसं बोलत तरी होतो.

आमच्यात नेमानं राबणारे तिघंच. एक मी. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, जे कामापेक्षा सल्ला जास्त देत, पण सब्बल, म्हणजे पहार, मात्र चांगली चालवत. तिसरे रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले मुकादमभाऊ. ते जन्मात या वाटेवर सायकलनं गेले नाहीत. "मले पडाचा शौक नाई जी," म्हणायचे. पण पावसाचं पाणी कुठून उतरेल, कुठं माती खाईल, हे ते उन्हाळ्यात कोरड्या जमिनीकडं बघून सांगायचे, आणि ते कधी चुकलं नाही.

भानगड झाली ती नाल्यावर. टेकडीच्या पायथ्याला तलाव आहे आणि तलावाकडून डांबरी रस्त्याकडं येताना मध्ये एक नाला लागतो. तलावातले मासे टोपलीत घेऊन बाजारात नेणारी एक म्हातारी बाई रोज सकाळी तिथूनच जाते. आमची वाट शेवटी तिच्याच पायवाटेला मिळते. मागच्या पावसाळ्यात आमच्या चाकांनी नाल्याचा उतार घोटून घोटून असा गुळगुळीत केला, की बाई टोपलीसकट घसरली. मासे नाल्यात गेले. बाईच्या कमरेला मार लागला आणि चार दिवस बाजार बुडला.

तिनं आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. ती सरळ ग्रामसभेत उभी राहिली. "सायकली येवो का जावो, माह्यं काई म्हननं नाई. पन माह्या पायाखाली गोट्याची फरशी पायजे." टेकडी गावाच्या हक्काची, तेव्हा गावानं ठरवलं ते ठरलं: मिरगाच्या आत नाल्यात दगडी फरशी झाली तर वाट राहील, नाहीतर दोन्ही तोंडांना काटेरी फांद्यांचे झाप टाकून बंद. मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. ती वाट म्हणजे मी आयुष्यात केलेली एकमेव अशी गोष्ट होती, जी कुणी मला करायला सांगितली नव्हती.

चपटे दगड होते, पण टेकडीच्या माथ्यावर. तिथं ट्रॅक्टर चढत नाही. मुकादमभाऊंनी नाल्यात पावलं टाकून बघितलं आणि म्हणाले, दोन ट्रॉल्या तरी लागतील, आणि सगळे हातानं आणायचे. मी व्हॉट्सअॅपवर आवाहन टाकलं. चंद्रपूरहून, नागपूरहून पन्नास अंगठे आले. पहिल्या रविवारी अकरा माणसं आली, फोटो काढले, पोहे खाल्ले. दुसऱ्या रविवारी चौघं आली. तिसऱ्या रविवारी आम्ही तिघंच. औषधवाले सावलीत बसून ऊन लागल्याची लक्षणं सांगत होते आणि माझं डोकं तापलं होतं.

आणि तेव्हा मला ते सुचलं.

आमच्याकडं जंगलातल्या जुन्या वाटांवर कुठंकुठं दगडांचा ढीग दिसतो. येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो, नाहीतर एखादी पाल्याची फांदी, आणि पुढं जातो. वाटेत काही वाईट होऊ नये म्हणून. का ठेवायचा, कुणी विचारत नाही. दिसला ढीग, की हात आपोआप दगडाकडं जातो. आता मोहफुलं वेचायला रोज सकाळी अर्धं गाव टेकडीवर चढत होतं आणि टोपल्या भरून खाली उतरत होतं. खाली उतरत होतं, म्हणजे नाल्याकडंच येत होतं.

नाल्याच्या वरच्या वळणावर, जिथं सगळ्या वाटा मिळतात, मी पाच चपटे दगड एकावर एक रचले. वर पळसाची एक डहाळी ठेवली. बस्स. हात झटकले.

मुकादमभाऊ हे सगळं बघत होते. "मॅडम, देवासंग मस्करी बरी नाई."

"मी कुठं देव म्हटलं? पाच दगड ठेवले."

"मंग डहाळी कायले ठेवली?"

मी सायकलवर टांग टाकली.

पुढच्या रविवारी ढीग गुडघ्याएवढा झाला होता. मला इतका आनंद झाला की मी सायकलवरून उतरून त्याच्याभोवती एक चक्कर मारली. लोकांनी दगडही चपटेच ठेवले होते, कारण मी सुरुवात चपट्यांनी केली होती. माणूस किती शहाणा असतो आणि त्याला किती सहज राबवता येतं, याचं मला कौतुक वाटत होतं. राबणाऱ्यांचं नव्हे, माझंच.

मग मला चेव आला. बाहेरगावचे सायकलस्वार आले, की मी चेहरा गंभीर करून सांगायची, "इथं वरून आणलेला एक दगड ठेवायचा असतो. नाही ठेवला तर पंक्चर होतं." चंद्रपूरचे एक इंजिनिअर साहेब यावर मनापासून हसले. दगड न ठेवता गेले आणि नाला ओलांडायच्या आत त्यांची दोन्ही टायरं बसली. तिथं बाभळी आहेत, काटे आहेत, रोज कुणाचं ना कुणाचं टायर बसतंच. पण पुढच्या खेपेला साहेब थेट चंद्रपूरहूनच सायकलिंगच्या शर्टाच्या पाठीवरच्या खिशात दगड घालून आले. मी त्यांना तो ढिगावर ठेवताना पाहिलं. डोळे मिटून ठेवला.

मोहफुलांचा हंगाम संपून तेंदूपत्त्याचा लागला, तेव्हा ढीग माझ्या कमरेला लागत होता. मुकादमभाऊंनी लांबूनच अंदाज घेतला आणि पुरेल म्हणाले. मिरगाला थोडेच दिवस राहिले होते. आम्ही घमेली घेऊन दगड हलवायला गेलो आणि जागच्या जागी उभे राहिलो.

ढिगाला शेंदूर लागला होता. वर बांबूला लाल झेंडी. समोर फोडलेला नारळ आणि अगरबत्तीची राख.

मुकादमभाऊंनी चपला काढल्या. औषधवाल्यांनी घमेलं पाठीमागं लपवलं. मी म्हटलं, काही नाही, आपलेच दगड आहेत, आणि वरच्या दगडाला हात घातला. तेवढ्यात तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेतलेल्या दोघी बाया वळणावर आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. माझा हात दगडावर होता. मी तो तसाच कपाळाला नेला आणि मनोभावे नमस्कार केला.

"आता?" औषधवाल्यांनी विचारलं.

"देव तुमी बसवला मॅडम," मुकादमभाऊ म्हणाले, "तुमीच उठवा."

दोन ट्रॉल्या दगड, नाल्यापासून चाळीस पावलांवर, आणि एकाला हात लावता येत नव्हता. वरून नवे आणायचे तर दिवस नव्हते. माझी चलाखी चांगलीच माझ्या अंगाशी आली होती. औषधवाल्यांनी सल्ला दिला, की ग्रामसभेत सांगा, देव स्वप्नात आला आणि म्हणाला मला नाल्यात ने. मी त्यांना म्हटलं, लाज नाही वाटत? आणि घरी जाऊन आरशासमोर तेच स्वप्न तीनदा म्हणून पाहिलं.

ग्रामसभा समाजमंदिरात होती. पुढच्याच ओळीत मासे विकणारी बाई तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसली होती. वाटेचा विषय निघाला. मी उठले आणि सुरुवात केली. परवा पहाटे मला एक स्वप्न पडलं, म्हटलं. दगडांचा देव समोर उभा राहिला.

बाईनं खर्रा गालात सरकवला. "देव कसा दिसत होता जी?"

हे मी पाठ केलं नव्हतं. मी म्हटलं, उंच होता.

"तुमाले मराठीत बोलला का गोंडीत?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलांचे चेहरे मी वीस वर्षं बघत आले आहे. त्या दिवशी तो चेहरा माझा होता. मी दोन्ही हात खाली सोडले आणि सगळं सांगून टाकलं. पाच दगड मी ठेवले. डहाळी मी ठेवली. पंक्चरची गोष्ट मी पसरवली. कारण मला फरशीला दगड हवे होते. शेंदूर मात्र मी लावला नाही, तो कुणी लावला मला माहीत नाही.

"शेंदूर मी लावला," बाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"तुमी पाच गोटे ठेवून राह्यले होते, तवा मी झुडपाआड बसली होती. सारं पाह्यलं. मंग बाजूच्या गावचा ट्रॅक्टरवाला दोनदा येऊन ढीग मोजून गेला. त्याले गोठ्याच्या पायव्यात गोटे पायजेत. शेंदूर नसता लावला तं तुमची फरशी कवाच त्याच्या बैलाखाली गेली असती."

सगळी सभा हसली. मी तर सगळ्यात मोठ्यानं हसले, सुटका झाली म्हणून. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की बाई हसत नव्हती.

"पन एक सांगा मॅडम. आमाले काऊन नाई मांगतले गोटे?"

माझं हसू तिथंच थांबलं.

"तलावाची पार फुटली तवा साऱ्या गावानं बांधली. शाळेच्या कंपाउंडले गावानं हात लावला. चला म्हनलं का गाव येते. तुमी तीन महिने घमेले घेऊन आमच्या दारावरून गेले. कोनाले चला म्हनले नाई."

खरंच होतं ते. मी नागपूरला विचारलं, चंद्रपूरला विचारलं. जी माणसं त्या वाटेनं रोज चालत होती, त्यांना मी गृहीतच धरलं होतं की ती सायकलवाल्यांच्या हौसेसाठी येणार नाहीत. म्हणून विचारलं नाही, राबवून घेतलं. मला त्या क्षणी फार लाज वाटली. भर सभेत, चाळिशी उलटलेल्या बाईला वाटते तशी, कानशिलं तापवणारी लाज. मी हात जोडले आणि म्हटलं, चुकलं माझं. उद्या सकाळी दगड लावायला याल का?

"येऊ," बाई म्हणाली. "पन त्यात तुमचा बी एक गोटा पायजे. वरून आनलेला. ढिगातला नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईनं स्वतःच झेंडी उपटून नाल्याच्या काठावर रोवली. देव चाळीस पावलं पुढं सरकला, असं तिनं जाहीर केलं, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. ज्यानं त्यानं ढिगातला दगड उचलायचा, नाल्यात नेऊन मुकादमभाऊंच्या हातात द्यायचा. बायका, बाप्ये, औषधवाले, सगळी रांग लागली. मी मात्र एकटी माथ्यावर चढले, एक चांगला रुंद दगड निवडला आणि छातीशी धरून उतरायला लागले. अर्ध्या वाटेत हात भरून आले. तीनदा खाली ठेवला, तीनदा उचलला. नाल्याशी पोचले तेव्हा फरशी जवळजवळ पुरी होत आली होती आणि मधोमध एकाच दगडाची जागा मोकळी ठेवली होती.

मी दगड बसवला. बाई डोक्यावर माशांची टोपली घेऊन बाजाराला निघाली होती. फरशीवरून सावकाश चालत आली, माझ्या दगडावर पाय ठेवला आणि थांबली. दगड डुगडुगला.

"हालते," ती म्हणाली.

मी खाली वाकून दोन्ही हातांनी दगड इकडून तिकडून रेटला. तो हलायचा थांबेना. मुकादमभाऊ पुढं येत होते, त्यांना तिनं हातानं थांबवलं आणि ती माझ्याकडं बघत तशीच उभी राहिली. तिची बस डांबरी रस्त्यावर यायची वेळ झाली होती.

"बाई," मी म्हटलं, "जरा हात लावता का?"

तिनं टोपली खाली ठेवली आणि पदर खोचला.