चेन जोडायला दोघं

बल्लारपुरात रेल्वे फाटकापासून पेपर मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर लहानूचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे टिनाचं छप्पर, मागे दोन खोल्यांचं घर. पूर्वी पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींची रांग लागायची. आता सगळ्यांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या, तरी दूधवाले, भाजीवाल्या बाया आणि सायकल न सोडलेले म्हातारे यांच्यावर दुकान तगून होतं. लहानूचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं. पंक्चर काढता काढता तो गिऱ्हाइकाच्या पोराचं लग्नसुद्धा जुळवून टाकायचा.

त्याची बायको गिरजाबाई मात्र दुकानात फिरकत नसे. ती पावसाळ्यात धानाच्या रोवणीला जायची, एरवी घर बरं नि आपण बरं.

एका सकाळी चाकात हवा भरता भरता लहानू पंपावरच कलंडला. चंद्रपूरच्या दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उजवं अंग लुळं पडलं होतं आणि एवढ्या बोलक्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "हो". भूक लागली तरी हो, राग आला तरी हो, आणि नको म्हणायचं असलं तरीही हो.

लेक खुशबू गडचिरोलीला दिलेली. ती आली, महिनाभर राहिली, परत गेली. दुकान बंदच होतं. लहानूची बाज समोरच्या दाराशी टाकलेली असायची. आलेलं गिऱ्हाईक परत जाताना तो बघत राही, आणि ते गिरजाबाईला बघवत नसे.

एक दिवस मिलमधून निवृत्त झालेले गुणवंतराव सायकल ढकलत आले. चेनचा सांधा धरणारं लॉक निसटून चेन लोंबत होती.

"बाई, लहानूले विचारून तुम्हीच लावून द्या ना. दुसरीकडं कुठी जाऊ मी?"

"मले नाई येत, भाऊ."

"हो!" बाजेवरून लहानू ओरडला. "हो, हो!"

गिरजाबाई सायकल बाजेशी लावून पदर खोचून बसली. चेनची दोन टोकं मागच्या चाकाच्या दात्यांवर आणून तिनं त्यात लॉक घातलं, वरून बारकी पट्टी ठेवली आणि शेवटी स्प्रिंगची पत्ती पक्कडीनं दाबून बसवली. पत्ती बसली, तशी तिला हायसं वाटलं. पण लहानू डाव्या हातानं बाज बडवायला लागला. "हो! हो!"

"आता काय झालं? बसली ना!"

त्यानं तिचं मनगट ओढलं, तिचं बोट पत्तीच्या उघड्या टोकावर ठेवलं आणि मागच्या बाजूला ढकललं. दोनदा, तीनदा. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग तिच्या ध्यानात आलं. पत्ती उलटी बसली होती. चेन ज्या दिशेला पळते तिकडे पत्तीची बंद बाजू हवी. उघडी बाजू पुढे राहिली, तर कशाला तरी अडकून पत्ती उडते, आणि चढावर माणूस तोंडावर पडतो.

त्या दिवसापासून दुकान उघडलं. पंक्चर, ब्रेक, चाकातल्या बेअरिंगच्या गोळ्या बदलणं, एकेक काम ती शिकत गेली. चुकलं की बाज वाजायची, बरोबर आलं की तो गप्प असायचा.

पण हळूहळू बाज वाजेनाशी झाली. लोक आता "लहानूभाऊ" न म्हणता "बाई आहे का?" विचारत. लहानू भिंतीकडे तोंड करून पडू लागला. जेवण अर्धं टाकायचा. दुकान चाललं, पण आपण त्याच्याच हातातलं काम काढून घेतलं, हे गिरजाबाईला सलत राहिलं.

तेव्हा तिनं एक केलं. चेनचं काम आलं की चेन पूर्ण काढायची, डिझेलमध्ये धुवायची, सायकलवर चढवायची आणि सायकल बाजेला टेकवायची. "पत्ती माह्यानं नाई बसत बापा, तुम्हीच दाबा," असं म्हणायची. ती दोन्ही हातांनी लॉक धरायची आणि लहानू डाव्या अंगठ्यानं पत्ती दाबायचा. कधी अंगठा घसरायचा, पत्ती मातीत उडायची, दोघं मिळून शोधायची. टक् करून बसली की तो "हो" म्हणायचा, आणि तेवढा एक हो खराखुरा असायचा. गिऱ्हाइकं खोळंबायची. खोळंबू दे, म्हणायची ती.

दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात दुपारच्या झोपेत लहानूला दुसरा झटका आला आणि तो उठलाच नाही. विहारातले लोक आले, बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदन झालं. गिरजाबाई कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना चहा देत राहिली. बायका आपसात म्हणाल्या, लई घट्ट मनाची बाई.

पाहुणे गेले, खुशबू तेवढी राहिली. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी कमला भाजीवाली आली, सायकलच्या मागच्या टोपल्यात वांगी भरलेली, चेन हातात, ब्रेकही ढिला. गिरजाबाईनं लॉक घातलं, पट्टी ठेवली आणि एका दाबात पत्ती बसवली. नजरसुद्धा वर केली नाही.

खुशबू दारातून बघत होती.

"बाबाले मालूम होतं, आई."

"काय?"

"का तुले एकटीले येते म्हणून. मागच्या दिवाळीले आली होती ना मी? बाबा डोळे मिटून पडले होते, अन् तू एका सायकलची पत्ती अशीच बसवली. तुले वाटलं ते झोपले. मी बोलाले गेली, तर त्यांनी माह्याकडं पाह्यलं अन् ओठावर बोट ठेवलं."

गिरजाबाईनं हातातली पक्कड खाली ठेवली.

"मंग रोज अंगठा काऊन देत होते?"

"तू रोज मागत होती म्हणून."

तेव्हा तिचा बांध फुटला. इतके दिवस साचलेलं सगळं बाहेर पडलं. तिथं, रस्त्याच्या कडेला, ग्रीस लागलेल्या हातांनी तोंड झाकून ती रडली. खुशबू तिच्या पाठीशी बसली. कमलानं सायकल स्टँडवर लावली, "मले काई घाई नाई, बाई" म्हणाली, आणि उन्हात मलूल होणाऱ्या वांग्यांवर ओलं फडकं टाकून उभी राहिली.