मेणाचा दात

सन एकोणीसशे चौतीस. मी तेहतीस वर्षांचा होतो, आणि लोणावळ्यात जन्म काढून ज्यानं चिक्कीचा तुकडा कधी तोंडात घातला नाही अशा माणसाच्या मागं उभा राहून सूर धरत होतो. बाजारातल्या देवळाचे सनईवाले, आबा. चिक्की कडक, तिनं दात हलतो. पुढचा दात गेला की ओठाला टेकू राहत नाही आणि सनईची फुंकायची पत्ती ओठात ठरत नाही. म्हणून आबा भाकरीसुद्धा आमटीत भिजवून खायचे. कच्चा पेरू दिसला की तोंड फिरवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "हासा. ह्ये दात माजं न्हाईत, देवळाचं हायेत."

मी जवळच्या भाजे गावचा. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, पुढं गेलो नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कानानं शिकलो ते पुष्कळ आहे. सनईच्या जोडीत एक जण चाल वाजवतो, दुसरा सूर धरतो. सुराच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, तिच्यातून एकच आवाज निघतो आणि तो तोडायचा नसतो. गाल भरून ठेवायचे, नाकानं श्वास घ्यायचा. भाज्यातले लोक म्हणायचे, "धोंडिबा, एकच आवाज काढतुयास, त्याला दोन हात कशाला लागत्यात?" उत्तर आबा द्यायचे. "चाल भटकी असती. सूर घरी उबा असला तर ती कुटूनबी माघारी येती."

आबांकडं देवळाच्या तीन चाली होत्या. सकाळची उठवणी, पालखीची आणि रात्री देव निजवायची, शेजेची. त्या पुण्यात वाजत नसत, शेजारच्या कामशेतातही नाही. उठवणी झाली की बाजारात दुकानांपुढं झाडू फिरायला लागायचे, हॉटेलवाले चूल पेटवायचे. हवा खायला आलेला मुंबईचा एक शेठ एकदा म्हणाला, नाटकातलं एखादं पद होऊन जाऊ द्या. आबांनी सनई फडक्यात गुंडाळली. "त्ये तुमच्या तबकडीवर ऐका. हितं लोनावळ्याचं वाजतंय."

पण लोणावळ्याचं जे होतं ते सगळं त्या एका तोंडात होतं, आणि ते तोंड म्हातारं होत चाललं होतं. आबांचा मुलगा रेल्वेत लागून कल्याणला गेलेला, सनईला हात लावायचा नाही. मी कितीदा म्हणालो, "आबा, चाली मला द्या."

"तू सूर हायेस. सूर धरनाऱ्यानं चालीच्या मागं लागू न्हाई. सूर हालतो."

ते हट्टी, आणि मी काही कमी हट्टी नाही. मी मागणं सोडून दिलं.

त्या साली माघापासून आबांचा पुढचा दात हलायला लागला. मला ते कुणी सांगितलं नाही. बोलता बोलता ते जिभेनं दात चाचपायचे, तेवढ्यावरून कळलं. मग मला दुसरं काही सुचेना. ते जेवायला बसले की मी त्यांचे घास मोजत बसायचो. वाजवताना मी मागं असायचो, मला त्यांची पाठ दिसायची, पण डोळ्यापुढं दातच. एकदा न राहवून विचारलं, "आबा, बरं हाय न्हवं?" ते म्हणाले, "सुराकडं बघ."

चैत्रात देवाची पालखी. त्या दिवशी दुपारी दात पडला. चिक्कीनं नाही, पेरूनं नाही. मऊ भातातल्या खड्यानं.

आबांनी दात पाण्यानं धुतला आणि खिशात ठेवला. माझी सुराची सनई मागून घेतली. तिच्या एका भोकातलं मेण नखानं उकरलं, बोटांत मळलं आणि हिरडीवर दाताच्या जागी बसवलं.

"आन् माजं उगडं भोक?" मी विचारलं.

"बोट कशाला दिलंय देवानं?"

दिवस कलताना पालखी निघाली. बाजारभर चाल अशी वाजली की मला वाटलं, उगाच काळजी केली. चिक्कीवाल्या शेठच्या दुकानापुढं आरतीला थांबलो, सगळीकडून दिवट्या जवळ आल्या. त्या धगीनं आणि तोंडातल्या वाफेनं मेण मऊ पडत असणार. स्टेशनच्या वळणावर चाल एकदम तुटली. मेण सरकून पत्तीला चिकटलं होतं.

आमच्याकडं चालीशिवाय पालखीचे भोई पाऊल टाकत नाहीत. ते जागच्या जागी थांबले. आबांनी मेण काढलं, पत्ती पुसली, पुन्हा फुंकलं. नुसता वारा. मी भोकावर बोट दाबून सूर धरून होतो. गाल फाटतील असं वाटत होतं, पण सूरही थांबला तर मागं काहीच उरणार नव्हतं. शेवटी देवळाच्या पंचांनी हात केला, आणि पालखी नुसत्या संबळावर नि सुरावर देवळात नेली.

पंचांत चिक्कीवाले शेठच मोठे. पायरीवर ते आबांना म्हणाले, "आबा, तुमचा मान आहेच. पण देव रस्त्यात उभा राहिला. उद्या सकाळी उठवणी वाजली तर ठीक, नाहीतर पुण्याच्या बँडवाल्याला सांगावा धाडतो."

मी म्हणालो, "बँडवाला आमची उठवणी वाजवील व्हय?"

"काहीतरी वाजवील. देव उठल्याशी कारण."

आबा भांडले नाहीत. त्यांनी हात पुढं केला. "शेठ, तुमची चिक्की द्या जरा."

शेठ गडबडले. दुकानातून चिक्की आली. आबा पायरीवर बसले आणि चघळायला लागले. "लय ग्वाड असती की रं. उगाच ऱ्हायलो."

एवढा मी कधी भ्यालो नव्हतो. दात पडला तेव्हाही नाही.

"आबा, थुका ती!"

"का? आता कुनासाटी राखू?"

"मग चाली तरी द्या."

"चाल काय भाकरी हाय, हातावर ठिवायला?" चिक्की गालात धरून ते माझ्याकडं बघत राहिले. "इतकी वर्सं मागं उबा व्हतास. कानात बोळं घातलं व्हतंस का?"

आणि ते उठून घरी गेले. जाताना माझी सुराची सनई काखेत मारून नेली. स्वतःची तशीच फडक्यात गुंडाळलेली पायरीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळापुढं पहिल्यांदा पुढच्या जागेवर उभा राहिलो. आबांची सनई ओठांना लावली. पाठीमागं कुणी नसलं की किती उघडं वाटतं ते त्या दिवशी कळलं. तेवढ्यात मागं खाकरल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर आबा. कालचं दाताचं मेण सुराच्या सनईच्या भोकात परत दाबत होते. "फुडं बघ," म्हणाले, आणि टेकू गेलेल्या ओठांत पत्ती धरून त्यांनी सूर लावला. कडेनं वारा सुटत होता, पण एकाच आवाजाला तेवढा जोर पुरत होता. सूर उभा होता.

मी उठवणी धरली. दुसऱ्या वळणावर चुकलो, भलतीकडंच गेलो. मागं सूर तसाच होता, हलला नाही. मी माघारी आलो आणि पुन्हा पहिल्यापासून उचलली. खाली बाजारात झाडू वाजायला लागले होते.