सिस्टरांची पेशंट

भर दुपारी बाराला शहाणी माणसं तलावाकडं फिरकत नाहीत. आमच्या पारूसिस्टर नेमक्या तेव्हाच निघायच्या. वय सेहेचाळीस, पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. आधी सायकल हाणत तलावापर्यंत, मग पोहत पलीकडच्या काठाला, मग मुरमाड चढावरून पळत वस्तीपर्यंत. सायकल आमच्या दूध सोसायटीची आणि सेक्रेटरी मी, म्हणून घड्याळ धरून काठावर बसायची शिक्षाही मलाच.

तलाव गावानंच खोदला होता, दुष्काळी कामावर. पुढच्या पावसाळ्यात तो भरला आणि पलीकडची वस्ती तुटली. ये-जा चालायची ती गूळ आटवायच्या जुन्या काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, बसून. वस्तीवरची सखू बाळंतपणात अडली त्या दिवशी काहील बुडाली होती. उपकेंद्राच्या नर्स म्हणजे पारूसिस्टर, पण त्यांना पोहता येत नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन त्या दोन तास काठावर बसल्या. पलीकडून बायका हाका मारत होत्या. मग हाका थांबल्या.

सखूला पलीकडच्या काठावरच जाळलं आणि रीतीप्रमाणं तिथून वस्तीपर्यंत राळे टाकले. बाळंतपणात गेलेली बाई ते दाणे वेचत बसते, घरी परतत नाही म्हणे. पंधरा दिवसांत सिस्टर माझ्याकडं सायकल मागायला आल्या.

डालड्याचा डबा पाठीला बांधून त्या पोहायला शिकल्या. नाकातोंडात पाणी जायचं, वर यायच्या आणि मलाच झापायच्या, "घड्याळ बघा, सेक्रेटरी! माझ्याकडं काय बघताव?" कात्री, दोरा, औषधं दुधाच्या किटलीत. झाकण मेणानं बंद करून किटली पुढं ढकलत न्यायच्या. मी म्हणालो, "ह्या वयात हे काय खूळ?"

"अडलेली बाई माझं वय विचारत न्हाय."

एकदा नव्या काहिलीतून मी आधीच पलीकडं जाऊन बसलो. सिस्टर अजून मध्यावर होत्या. माझ्यासमोर कोरड्या खडकावर एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. पहिलं उन्हानं वाळायच्या आत तिसरं, चढाकडं जाणारं. मी उडी मारून काहिलीत परत बसलो. सिस्टर बाहेर आल्या, त्यांनी खडकाकडं बघितलं.

"दिसली व्हय तुमाला? सखू हाय. रोज माझ्या पुढं असती. तिला गाठलं की मी येळेवर पोचले म्हणायचं."

"अहो, तुम्ही तर भुतंखेतं मानत नाही!"

"न्हाय मानत. आमच्या घरानं ते छप्पन सालीच सोडलं. ही भूत न्हाय, सेक्रेटरी. माझी पेशंट हाय. राळे टाकून तुमीच तिला वाटंत बसवलंय."

त्या रात्री मला ताप भरला. तरी दुसऱ्या दुपारी घड्याळ घेऊन गेलो; कारण माझी बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, आणि तिचं माहेर त्या वस्तीवरच होतं.

श्रावणात तलाव काठोकाठ होता. एका दुपारी पलीकडून मेव्हण्यानं धोतर हलवलं. वाऱ्यानं काहील लोटता येईना. सिस्टरांनी सायकल टाकली आणि पाण्यात उडी घेतली. मध्यावर किटलीच तेवढी दिसत होती, मग पुन्हा त्यांचं डोकं दिसलं. मला पोहता येत नाही. सिस्टर बसल्या होत्या त्याच काठावर मी बसलो. पलीकडून बायका हाका मारत होत्या. मग हाका थांबल्या. देवा, तसा एक तास वैऱ्यालाही नको.

वारा पडल्यावर मेव्हणा काहील घेऊन आला. "पोरगी झाली! दोघी बऱ्या हाईत! नाळ गळ्याला आवळली होती, सिस्टरनं सोडवली." मी पलीकडं जाऊन सिस्टरांचे पायच धरले. त्यांनी मला उठवलं आणि चढाकडं बघत म्हणाल्या, "आज आमी दोघी बरोबरच पोचलो."

दोन वर्षांनी त्यांची लोहाऱ्याला बदली झाली. निरोपाला आम्ही पोरगीला घेऊन गेलो. एस्टीत सिस्टर खिडकी सोडून अलीकडं बसल्या आणि कंडक्टरला म्हणाल्या, "दोन लोहारा."

"दुसरं कोण, बाई?"

"ही काय, बसलीय की. तिनं कधी एस्टी बघितली न्हाय."

कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. बायकोनं मात्र पोरगीला उचललं, त्या रिकाम्या खिडकीपुढं धरलं आणि म्हणाली, "सखूमावशीला टाटा कर, बाळा." मग मीही हात वर केला.