भागवत, मिक्सर आणि पुण्याचा नंबर

भागवतला मी इथं अडकवून ठेवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तुम्ही त्याचे फोटो टाकताय, 'दिलदार माणूस', 'खरा कलाकार' लिहिताय. सगळं खरं आहे. पण जे मला माहीत आहे ते तुम्हाला माहीत नाही.

साउंड सिस्टिम माझी. बेस-टॉपचे स्पीकर, जनरेटर, टेम्पो, सगळं माझं. वडवणीतल्या दुकानाच्या बोर्डावर नावही माझंच.

पण मिक्सरवर हात भागवतचा. अकरा वर्षं.

ज्यांनी त्याला लांबूनच बघितलं, त्यांच्यासाठी सांगतो.

मिक्सरच्या प्रत्येक चॅनलला, म्हणजे प्रत्येक माइकच्या किंवा वाद्याच्या लाइनला, एक बारीक नॉब असतो. सेंड म्हणतात त्याला. तो फिरवला की त्या चॅनलचा आवाज शेजारच्या इको मशीनमध्ये जातो आणि घुमून परत येतो. आम्ही बाकीचे ऑपरेटर तो एकदा लावतो आणि विसरतो. गायकाला थोडा इको दिला, झालं काम.

भागवतचा हात त्या नॉबवरून उठायचाच नाही.

हलगीचा एकच ठोका उचलायचा, इकोत फेकायचा आणि तेवढ्यात खालचा सगळा बेस बंद. तो ठोका एकटाच मैदानभर फिरायचा. नाचणारे हात वर करून थांबायचे.

मग बेस सोडायचा!

इकोतून परत आलेला आवाज पुन्हा इकोतच पाठवायचा. हे मी केलं की कान फोडणारी शिट्टी बसते. त्याच्या हातात ती बसता बसता राहायची.

"ह्याला डब म्हणत्यात बे," त्यानंच मला सांगितलं. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्यामुळं शाळा अर्धवट. इंग्रजीचा गंध नाही. मोबाईलवर परदेशातल्या लोकांचे नुसते हात बघून शिकला. "ही माणसं गाणं वाजवत न्हाईत. गाण्यातलं काढून घेत्यात, मंग थोडं थोडं परत देत्यात."

मी म्हणायचो, "तू आवाज वाढव. लोकायला आवाज पाहिजे."

आता धारूरचं ऐका.

एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. आधी हलगी, बेंजो, मग भाषण. भाषण सुरू झालं आणि भागवत माइकचा सेंड बंद करायला विसरला. साहेब मूठ आपटून म्हणाले, "गावात पाणी आणू!"

स्पीकर म्हणाले, आणू... आणू... आणू... आणू...

माणसं खो खो हसायला लागली. साहेब लालेलाल. माझी तर पाचावर धारण बसली. दुसरा कुणी असता तर त्यानं मिक्सरच बंद केला असता. भागवतनं हलगीवाल्याला हात केला आणि त्या 'आणू'च्या ठेक्यावर हलगी आत घेतली. खुर्च्यांवरची माणसं उठून नाचली. शेवटी साहेबही हसले, काय करतील बिचारे.

तिथं पाहुणा म्हणून पुण्याचा एक जण आला होता. त्यानं मला गाठलं. "मिक्सरवर कोण आहे हो? आम्ही पुण्यात डबचे कार्यक्रम करतो. असं लाइव्ह करणारे आम्हाला मिळतच नाहीत. यांना आमच्याकडे पाठवा. राहायची सोय आम्ही करतो."

भागवत वीस पावलांवर वायरी गुंडाळत होता.

मी म्हणालो, "सांगतो त्याला." नंबर घेतला, माझा दिला. आणि सांगितलं नाही.

नंतर पुण्याहून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी म्हणालो, तो यायला तयार नाही.

का? भागवत गेला असता तर माझ्याकडं स्पीकरची नुसती प्लायवूडची खोकी उरली असती. तारीख घ्यायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "भागवत हाय ना?" एवढंच कारण. दुसरं काही मोठं नाही.

त्या उन्हाळ्यात युसूफ वडगाव या गावी लग्न होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायला वेळ होता, म्हणून आम्ही टेम्पोच्या सावलीत बसलो होतो. भागवत म्हणाला, "हितं लई घुसमटतंय बे. रोज तेच गाणे. पार घाण्याचा बैल झालाय माझा. पुण्याबिण्यात कुणी करत आसंल का रे, हे आसलं?"

नंबर माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता.

मी म्हणालो, "कुणी न्हाई करत. तुझंच खूळ हाय."

तो हसला. "आसंल बाबा." उठून मिक्सरला लागला.

पुढच्या सीझनमध्ये त्याला कावीळ झाली. अंगावर काढली. 'एवढ्या तारखा होऊ दे' म्हणाला, आणि मीही हो म्हणालो. बीडच्या दवाखान्यात नेलं तोवर हाताबाहेर गेलं होतं.

आता मिक्सरवर मी उभा असतो. अकरा वर्षं त्याच्या शेजारी होतो, पण त्याच्या हाताकडं कधी नीट बघितलं नाही. सेंड वाढवला की शिट्टी बसते, लोक कानावर हात ठेवतात. धंदा सोडावा तर दुसरं काही येत नाही. करावा तर रोज त्याच्याच जागेवर उभं राहावं लागतं. यातून सुटका नाही, आणि ती मागायचं तोंडही मला नाही.

आज सकाळी वहिनींकडं, म्हणजे भागवतच्या बायकोकडं गेलो. वर्षश्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. सगळं सांगून टाकलं.

भाकरी थापता थापता त्यांचा हात थांबला.

"भावजी, हे त्यांच्या तोंडावर बोलायचं व्हतं."

त्यांनी पुन्हा भाकरी थापायला घेतली.

"नंबर हाय का आजून?"

"हाय."

"मंग लावा. माझ्यापुढं लावा. स्पीकरवर."

लावला. पलीकडून लगेच ओळखलं. "अरे, धारूरवाले ना! बोला, बोला. ते मिक्सरवाले... झाले का तयार?"

वहिनींनी पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला.

"ते तयारच व्हते, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी इचारलंच न्हाई."

मित्रांनो, भावपूर्ण श्रद्धांजली तुम्ही लिहा.

मला तो हक्क नाही.