साणं मी झाकलं होतं

हे आजारी होते तेव्हा उशाशी बसून मी त्यांच्याशी सगळं बोलले. लग्नात माझ्या माहेरच्यांनी काय लपवलं, सासूबाईंच्या डब्यातली खारीक कोण खायचं — सगळं. हे हसायचे. पण एवढी एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही, आणि ते गेले. गावात मला म्हणतात, हिच्या तोंडाला कवाड नाही. आहे की हो. एक आहे. इतकी वर्षं आतून कडी लावून बसले होते.

मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं वाचणं-लिहिणं पोरांच्या पुस्तकांतून आलं, वाण्याच्या पुडीच्या कागदावरून आलं. कुठं चुकलं तर चालवून घ्या — लिहिण्यातलं म्हणते.

कुठून सुरू करू? टीव्हीपासूनच करते.

आमचं गाव सेलूपासून आत, वालूरच्या वाटेला. हे सेलूला जिनिंगात कामाला, म्हणून आळीत पहिला टीव्ही आमच्याकडं आला. काळापांढरा. रविवारी सकाळी पोरांसाठी चित्रांची मालिका लागायची, कार्टून. परदेशातली, पण हिंदीत बोलायची. त्यात एका गावातली पोरं होती. शाळेत जायची, भांडायची, रुसायची, आणि दर रविवारी थोडी थोडी मोठी व्हायची. त्यांची खरी नावं आमच्या पोरांच्या जिभेवर बसेनात, तर पोरांनी आपलीच ठेवली. एक रिबिनवाली, आणि तिची जिवाभावाची मैत्रीण — झिपरी.

माझी मंजू तेव्हा पाचवीत. आणि तिची जिवाभावाची होती सुजाता. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती, तिथली. तिची माय गिरजाबाई आमच्याच रानात कापूस वेचायला यायची. सुजी दर रविवारी अंघोळ करून, केसाला तेल चोपडून आमच्या बैठकीत मंजूच्या शेजारी येऊन बसायची. आणि त्या पोरीचे डोळे! आम्ही सगळे गोष्ट बघायचो, ही चित्राचे कोपरे बघायची.

"मंजे, झिपरी कधी पाठ दावती का गं? ध्यान देऊन बघ. नायतर भिताडाला टेकून उभी, नायतर सगळ्यांच्या मागं."

"मग?"

"तिचा फराक मागून फाटलाय."

"तुला काय चित्रवाल्यानं सपनात येऊन सांगितलं का?" शेजारचा बाळू म्हणायचा. "चित्राचा फराक कसा फाटंल गं, येडे?"

"आन रिबिनवाली सारखी तिच्याच मागं का चालती मग? सांग की. झाकायला चालती."

पोरं हसायची. पण पुढच्या रविवारी सगळ्यांचं ध्यान झिपरीच्या पाठीवर. आणि खरंच हो — दिसायचीच नाही. मीसुद्धा भाकरी थापता थापता उठून दाराशी यायची. हसू नका, मलाही लागली होती ती गोडी.

हे सगळं चांगलं चाललं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे. बिघडवलं ते कुणी, ते पुढं सांगते.

त्या हिवाळ्यात नामांतराचं पुन्हा पेटलं होतं. विद्यापीठाचं नाव बदलणार, बदलणार, पारावर दुसरं बोलणं नाही. मी नवी नवरी होते तेव्हा ह्याच्यावरूनच आसपासच्या गावांत वस्त्या जळाल्या होत्या. तो धूर आमच्या माळवदावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, दिसला होता. पुन्हा तसंच होईल, असं लोक बोलायचे. कुणी भिऊन बोलायचं, कुणी — खरं सांगू? — चवीनं.

माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझ्याशी थेट बोलत नसत. रीतच होती तशी. काही सांगायचं असलं की दावणीच्या म्हशीला सांगितल्यासारखं बोलायचे, आणि ते मी ऐकायचं. एका रविवारी म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "गावात काय चाललंय, आन आमच्या घरात बघा. बैठकीत मांडीला मांडी लावून बसायलेत. उद्या चुलीपाशी बसतील."

म्हशीनं कान हलवला. मी मान हलवली.

आता तुम्ही म्हणाल, घाबरली असेल बिचारी. नाही हो. भासरे काय करणार होते? दोन दिवस जेवायला आले नसते, एवढंच. मला भीती नव्हती, मला लाज वाटली — त्यांच्या नजरेत आपण खाली गेलो ह्याची. आणि तिकडं मंजूच्या, सुजीच्या नजरेत चांगलं पण राहायचं होतं. "येऊ नको" असं मी तोंडावर म्हणाले असते तर ते वाईट असतं, पण सरळ असतं. मी सरळ नाही केलं. मी युक्ती काढली.

अँटिना आमच्या माळवदावर होता. वारं आलं की फिरायचा आणि टीव्हीवर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर जाऊन दांडा धरायचा, खालून दुसऱ्यानं ओरडायचं — "आलं! गेलं! थोडं सेलूकडं फिरव!" त्या वेळी घरोघरी हेच होतं. मी एकदा सुजीला म्हणाले, "जा गं बाई, तू उंच हाईस. धर जरा." ती पळत गेली. चित्र लगेच साफ आलं. आणि पोरं ओरडायच्या आत मीच दारातून ओरडले, "अजून मुंग्याच हायेत! धरून ऱ्हा!"

एवढंच. एका वाक्याची लबाडी. ती पूर्ण मालिकाभर वर राहिली.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी ह्यांनी दांडा तारेनं आवळून असा बांधला, की वावटळीनं हलला नसता. तरी मी तिला पाठवलीच. "तार ढिली हाय गं, तू धर." आत चित्र आरशासारखं, आणि मी दारात उभी राहून आभाळाकडं तोंड करून ओरडत होते, मुंग्या, मुंग्या. बैठकीतल्या पोरांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. मंजूनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले. बाळू खिदळला. पोरांना लवकर कळतं, कुठली लबाडी घरातली आहे आणि ती मोडायची नाही.

भासरे म्हशीला म्हणाले, "आता कसं घर वाटतंय."

पण ऐका. एका रविवारी मालिका संपली, सुजी खाली आली, आणि अंगणात पोरांचं बोलणं चाललेलं. ती मधेच म्हणाली, "झिपरीनं आज डबा उघडला, पण झाकण आपल्याकडं धरलं. रिकामा हाय त्यो."

बाळू म्हणाला, "तू तर वर होतीस. तुला कसं कळलं?"

"साण्यातून दिसतंय की," सुजी म्हणाली आणि हसली.

साणं म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक. बैठकीच्या बरोबर वर होतं. ती एका हातानं दांडा धरून, वाकून, त्यातून खाली बघायची. म्हणजे तिला सगळं दिसत होतं. चित्र साफ आहे हे दिसत होतं, आणि मी मुंग्या म्हणून ओरडते हे ऐकू येत होतं. तारेचा पीळ तर तिच्या नाकासमोर होता! तरी पोरगी दर रविवारी येत होती, दांडा धरत होती, आणि मला काकू म्हणत होती. माझी लबाडी तिनं पोटात घातली होती — त्या एवढ्याशा पोटात.

तिनं चिडून बघितलं असतं तर मी वरमले असते का? कोण जाणे. ती हसली, तेच मला सोसलं नाही. एवढीशी पोर आपल्याला ओळखून आहे आणि वर सांभाळूनही घेते — हे फार लागतं बरं का.

साणं आम्ही पावसाळ्यात झाकतो. पाणी आत येतं म्हणून वर पत्रा ठेवायचा, पत्र्यावर दगड. दसरा झाला की काढायचा. मी ऐन हिवाळ्यात, आभाळात ढगाचं नाव नाही, शनिवारी दिवसाउजेडी माळवदावर गेले, आणि साण्यावर पत्रा ठेवला. दगड दोन ठेवले. एक हलका वाटला म्हणून.

हेच ते. हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि अजून पुढचं.

रविवारी ती वर गेली. पत्रा बघून तिला काय वाटलं असेल? मी खालून मुंग्या म्हणाले, ती वरून "धरलाय काकू" म्हणाली. आणि त्याच दिवशी मालिकेत झिपरीला शाळेत सगळ्यांसमोर फळ्याशी बोलावलं. तिला वळावं लागलं. फराक मागून फाटलेला, जागोजाग टाचलेला. आणि रिबिनवाली बाकावरून उठली आणि जाऊन तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली.

बैठकीत पोरांनी एकच गिल्ला केला. "सुजीचं खरं झालं! सुजे, तुझं खरं झालं गं!"

तिनं ते ऐकलं. तुम्ही असता तर काय केलं असतं? तिनं दांडा सोडला, आणि दारातून टीव्ही दिसतो का बघायला अंगणाच्या बाजूनं पालथी पडून मान खाली घातली. तिकडं कठडा नाही. मी दारातच उभी होते. आधी वेणी खाली आली, मग ती आली.

दांडा कुणीच धरलेला नव्हता. आत चित्र जरासुद्धा हललं नव्हतं.

डावा हात कोपरात उलटा झाला होता. ती रडत नव्हती, नुसती श्वास ओढत होती. कुणीतरी रानात पळालं, गिरजाबाई तशीच धावत आली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. लेकीला बघून खाली बसायच्या आधी तिनं वर बघितलं. माळवदाकडं. मग माझ्याकडं.

"वर कशाला गेलती, वैनी?"

भासरे अंगणात येऊन उभे होते. आळीतले चारजण जमले होते. आणि मी म्हणाले — "मी कुठं सांगितलं? तिची तीच चढली. मी नको नको म्हनत होते."

गिरजाबाईनं लेकीच्या थोबाडीत मारली. मोडक्या हाताच्या लेकीच्या. "ह्या दिवसात लोकाच्या माळवदावर चढतीस? आपल्याला जाळून घ्यायचंय का गं?" मारली आणि तिलाच कवटाळून रडायला लागली. रडता रडता मंजूला म्हणाली, "खरं का गं माय? तिची तीच चढली?"

सुजी मंजूकडं बघत होती. माझ्याकडं नाही, मंजूकडं.

मी मंजूकडं बघितलं. कसं बघितलं ते तुम्हाला कळलं असेल. मंजूनं मान हलवली. हो म्हणून.

सुजीनं डोळे मिटून घेतले.

सेलूच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपायला हवी होती. बैल गोठ्यातच होते. आम्ही जुंपली नाही. वस्तीतल्या माणसांनी तिला उचलून हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हात जुळला, पण कोपर सरळ झालं नाही. संक्रांतीला नामांतर झालं. पुढं कितीतरी दिवस खालच्या वस्तीत अंधार पडायच्या आत कवाडं लागायची. गिरजाबाई आमच्या रानात आली नाही, सुजी आमच्या दारात आली नाही. शाळेत तिनं जागा बदलली. मंजू त्यानंतर रविवारी टीव्हीसमोर बसली नाही. मी कधी विचारलं नाही, का. ती आज नांदेडला असते, तिला लेकरं आहेत, आठवड्याला फोन करते. ह्या गोष्टीवर आम्ही मायलेकी कधी एक शब्द बोललो नाही. माझी लबाडी मी माझ्या लेकीच्या मानेनं खरी करून घेतली होती, त्यावर काय बोलणार?

मागं मंजूकडं जाताना पूर्णेला गाडी बदलायला उतरले. बाकावर बसले होते, तर एक बाई जवळ आली. चांगली साडी, खांद्याला पर्स, बोट धरून एक पोरगी.

"काकू, वळखलं का? सुजाता."

मी आधी कोपर बघितलं. मग तोंड.

तिनं माझी तब्येत विचारली, हे गेल्याचं ऐकलं होतं म्हणाली. पाण्याची बाटली पुढं केली. मी प्याले. मंजूचं नाव तिनं काढलं नाही. तिच्या पोरीनं विचारलं, "मम्मी, ह्या कोण?"

सुजाता म्हणाली, "ह्यांच्या घरी आम्ही लहानपणी टीव्ही बघायचो."

आणि माझ्याकडं बघितलं. जागा ठेवली होती तिनं मला बोलायला. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. स्टेशनवर ओळखीचं कुणी नव्हतं, भासरे जाऊन वर्षं झाली होती, लाजायला कुणीसुद्धा उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "हो."

त्यांची गाडी आली, त्या गेल्या.

त्या पोरीला सांगायचं राहिलं ते इथं लिहिते. तुझी आई टीव्ही बघत नव्हती. बाकीची पोरं बघत होती. ती वर होती, आणि तिला वर मी ठेवलं होतं.