चौदावी हाक

"काही लोक" या दोन शब्दांवर माझ्या खोलीतल्या पाहुण्यांचा जितका राग होता, तितका कोणी जन्माच्या वैऱ्यावरही धरला नसेल. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी काशीदजवळच्या एका कोळीवाड्यात शाळामास्तर होतो, आणि हे गृहस्थ मुंबईच्या कुठल्याशा संस्थेकडून कोळ्यांच्या चालीरीतींवर अहवाल लिहायला येऊन माझ्याकडेच उतरले होते. एकदा मी जेवताना सहज म्हणालो, "काही लोक म्हणतात, उद्या वारा पडेल." त्यांचा घास हातातच राहिला. "काही म्हणजे किती? कुठल्या घरचे? वाचणाऱ्याला आधी माणूस दिसला पाहिजे, मास्तर, मग त्याचं म्हणणं ऐकू येतं." माझी आमटी गार झाली, पण नावं सांगेपर्यंत सुटका नव्हती.

जो जे बोलेल ते, त्यातल्या हाय-न्हायसकट, ते एकेका चिठ्ठीवर उतरवत. चिठ्ठ्या मांडायला टेबल पुरेना, तेव्हा त्यांनी बोंबील वाळवायच्या दोऱ्या मागून आणल्या आणि एका विषयाच्या चिठ्ठ्या एका दोरीवर टांगायला सुरुवात केली. वाड्यातली मांजरं त्या अहवालाखाली बसून असत. प्रत्येक प्रकरण पक्कं करण्याआधी ज्यांचं त्यांना अंगणात वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम होता. शेजारची जानकीबाई जाळं विणत ऐके. तिचे हात थांबले की पाहुणे पेन्सिल उचलून ते वाक्य खोडत. "तिला कळलं नाही, म्हणजे मीच नीट लिहिलं नाही," म्हणत.

तिन्हीसांजेला किंवा धुक्यात समुद्राकडून हाक आली, तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही, असा वाड्याचा रिवाज होता. पाण्यातलं जे असतं ते आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतं, पण त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही, अशी समजूत. आदल्या हिवाळ्यात एका धुक्याच्या सकाळी असं बोलावणं आलं होतं. पाहुण्यांना त्याबद्दल सहा घरांतून सहा चिठ्ठ्या मिळाल्या. एक माझी होती. मास्तर, शिकलेला, दोनदा ऐकलं, दार लावून घेतलं. त्याच सकाळी जानकीबाईच्या नवऱ्याची होडी खडकावर फुटली होती आणि तो परत आला नव्हता. होडी फार लांब फुटली, कोणाला कळणं शक्यच नव्हतं, असं आम्ही सगळे तिला वर्षभर सांगत होतो.

पाहुण्यांनी त्या चिठ्ठ्या घरांच्या क्रमाने, उत्तरेकडून दक्षिणेकडे लावल्या आणि दोरीखालीच बसून राहिले. पहिल्या घरी उजाडताना ऐकू आलं होतं, पुढच्या घरी जरा उशिरा, त्यापुढे आणखी उशिरा. ओहोटीचं पाणी जसं सरकत गेलं तसा आवाज सरकला होता. प्रत्येक घरासमोर दोन हाका, मग पुढचं घर.

"इथे तरी 'काहींना भास झाला' असं लिहा हो," मी हात जोडले.

"भास ओहोटीबरोबर वाहत जात नाही, मास्तर," ते म्हणाले. पण वाचायला उठताना त्यांचाही पाय निघत नव्हता.

त्यांनी सहा जणांचं म्हणणं घरागणिक वाचलं आणि शेवटी म्हणाले, "सहा घरं, बारा हाका. हाक मारणारा पाण्याबरोबर वाहत चाललेला जिवंत माणूस होता. कोणी ओ दिली नाही." अंगणात कोणी मान वर केली नाही. जानकीबाईचे हात थांबले होते. सवयीने पाहुण्यांनी पेन्सिल उचलली.

"खोडू नका," ती म्हणाली. "समजला मना. सातवा घर माजा लिवा. मी पन दोनदा ऐकली. आवाज त्याचाच व्हता, म्हनून तर दार लावला."

पाहुण्यांनी तिचे शब्द तसेच चिठ्ठीवर उतरवले, चिठ्ठी दोरीच्या टोकाला टांगली आणि बाराचे चौदा केले.

पुढे ते गेले. अहवाल छापला की नाही, मला कधी कळलं नाही. वाड्याचा रिवाज मात्र त्या दिवशी मोडला. आता धुक्यात पहिल्याच हाकेला सगळा किनारा ओ देतो, मीही देतो. कधी कधी होडी येते. कधी कधी कोणीच येत नाही, आणि मग ती हाक कोणाची होती हे कोणी बोलत नाही. एकेक घर गप्प होत जातं. सर्वांत दक्षिणेकडच्या, सातव्या घरातून मात्र एका बाईची ओ बराच वेळ येत राहते, आणि मला पाहुण्यांची फार आठवण येते.