पुसलेला फळा

पेणच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. आईनं तिच्यात पोह्याचे पापड भरले होते, ते चुरतील म्हणून. मुंबईची एसटी लागली, मी चढलो, तेव्हा त्यांनी ती खिडकीतून माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "तिकडं काम कर, पगार घे. लिवू नको काय."

तिकडं म्हणजे मस्कतला. आणि 'लिवू नको' म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. गावात तुम्ही सगळे समजलात, पोरगा कमवायला चालला. तेही खरंच होतं, पण थोडंच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी अजून कोणी न विचारता सांगतो. बाबा अंगठा करायचे. रोह्याला कॉलेजात जायच्या आधी रोज सकाळी मी देवळाबाहेरचा फळा लिहायचो. कोण वारलं, रेशन कधी येणार, कुणाची शेळी हरवली. आणि जोळाच्या कामाची वेळ. गावाबाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो: आमची भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खाली आहे, मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाच्या आधी घरटी एक माणूस चिखल घेऊन बांधावर जातो, ते जोळाचं काम. बोलवायला कोणी दारोदार फिरत नाही. कंपनीतून शिफ्ट सुटली की माणसं संध्याकाळी फळ्यापाशी थांबतात, वेळ वाचतात आणि घरी जातात.

त्या दिवशी मी वर लिहिलं, 'उद्या सकाळी सात, जोळ, घरटी एक माणूस.' खाली आणखी एक ओळ लिहिली, 'बांधाच्या नव्या कामात मातीऐवजी डबर टाकलाय. येऊन बघा.' दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, म्हणून मी रोह्याला मित्राकडे राहायला गेलो.

त्याच दुपारी कंत्राटदार आमच्या ओट्यावर येऊन बसला. बांधाचं काम त्याचं, आणि बाबा ज्या टोळीतून कंपनीत माल चढवायचे, ती टोळीही त्याचीच. आईनं मला नंतर सांगितलं, तो चहा पिऊन हसत म्हणाला, "पोराला लय लिवता येतं तुमच्या. चांगलं हाय. तुमच्या गेटपासावर सही कोन करतो, ता पन लिव म्हनावं."

तो गेल्यावर बाबा उठले आणि देवळाकडे गेले. कुठली ओळ कसली, ते त्यांना कळत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटली असेल, किंवा भीती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओला केला आणि अख्खा फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर नुसत्या उधाणाच्या अंदाजानं सहाच माणसं आली. भरतीला बांधाला खांड पडली, आणि दुपारी मी परत आलो तेव्हा आमच्या आणि तुमच्या शेतात खारं पाणी उभं होतं. आई पडवीत टॉवेल धूत होती. बादलीतलं पाणी खडूनं पांढरं झालं होतं.

पुढं काय झालं ते तुम्हाला आठवतंय. "कॉलेजात गेला नि जोळाची वेळ लिवायला विसरला. शिकलेला ना तो!" मी ऐकून घेतलं. लिहिली होती म्हणालो असतो, तर कुणी पुसली ते सांगावं लागलं असतं. बाबा त्या घोळक्यात मान खाली घालून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन वर्षं त्या खारात भात झाला नाही. दुसऱ्या वर्षी मी निघालो.

मस्कतला आमच्या साइटवर नझीरभाई फोरमन होते, रोह्याकडचे; डबराचं आणि कंत्राटदाराचं मी त्यांना एकदा सांगितलं होतं, पुसलेल्या फळ्याचं नाही. कॅम्पातली पाण्याची टाकी शेवाळली होती. मी फोटो काढून फेसबुकवर दोन ओळी टाकल्या. तासाभरात नझीरभाई आले. "काड ता. तुझ्याबरोबर आमच्या पन चौघांचा व्हिसा जायाचा."

मी म्हणालो, "ह्यो कसला देश, बोलायचं पन नाय?"

"अरे, इथं नियम कागदावर तरी हाय. आपल्या गावात कागद नाय, काय नाय, तरी तू गप बसलासच ना?"

मी फोटो काढून टाकला, माझ्याच अंगठ्यानं. घाबरलेला हात किती पटकन चालतो, ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी बाबांवरचा राग थोडा उतरला, आणि तरीही मी त्यांना फोन केला नाही.

आता सहा वर्षं मी हॉलंडमध्ये आहे. इथंही जमीन समुद्राखाली आणि मध्ये बांध, म्हणूनच मला इथं बांधाचं काम मिळालं. पहिल्याच वर्षी इथल्या गावच्या सभेत एक म्हातारी बांधाच्या साहेबाला सगळ्यांसमोर पाच मिनिटं झापत होती. साहेबानं सगळं लिहून घेतलं, मग तिला कॉफी आणून दिली. तिच्या घरी कोणी चहा प्यायला गेलं नाही. इथं सगळंच बोलता येतं असं नाही. परक्यानं किती बोलावं त्याचं माप इथंही आहे, ते हळूहळू समजतं. पण बांधात डबर आहे, हे बोलता येतं. मला वाटलं, बाबांना ही सभा दाखवायला हवी होती.

त्याच सभेनंतर आमचाही बांध एकदा फुटला होता असं मी बोलून गेलो, तेव्हा कुणीतरी विचारलं, कसा फुटला. समोर आमच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. तरी मी म्हणालो, "भरती मोठी होती."

गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. मी पोचलो तेव्हा स्मशानातलं सगळं आटपलं होतं. दहाव्याला तुम्ही सगळे आलात, म्हणून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आभाराचे दोन शब्द लिहायला घेतले, तर खाली आलं, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. ॲडमिन कंत्राटदाराचा पुतण्या. देवळाबाहेरच्या फळ्यावर आता वाढदिवसाचा फ्लेक्स ठोकलेला आहे. मी कडेनं हात घालून पाहिलं. फळा मागे आहे अजून.

हे लिहू का, म्हणून मी परवा आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "लिव. तू विसरला नव्हतास, ता लिव. पन तुझा बाबा घाबरला व्हता, ता पन लिव. आनि आजून एक. दुसऱ्या दिवशी कोनीतरी फळा लिवला, तर तो मला म्हनाला, ह्या आपल्या पोराचं अक्षर नाय. त्याचं अक्षर वाकडं नसतं."

अंगठा करणारा माणूस.

सभेत बोलायला इथं मला कोणी अडवत नाही. पण माझं अक्षर ओळखणारं इथं कोणी नाही, आणि आता तिथंही नाही. मी जोळाची वेळ लिहिली होती. सकाळी सात. बाबांनी ती पुसली, कारण त्यांना मला आणि घराला वाचवायचं होतं.